मुंबईच्या भिंती वाचताना

भिंतीवर लिहिणे मुंबईला नवीन नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील घोषणा, १९८२ च्या गिरणी संपातील मागण्या, निवडणुकीच्या कितीतरी आधी चुन्याचा हात देऊन एखाद्या पक्षाने अडवून ठेवलेल्या भिंती आणि चित्रपटगृहांच्या दर्शनी भागावरचे हाताने रंगवलेले अवाढव्य फलक, हे सारे या शहराने पाहिले आहे; मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीच्या काळात पोटासाठी सिनेमाचे फलक रंगवले ते इथेच. ग्राफिटी मात्र या परंपरेत सरळ बसत नाही. घोषणा लिहिणारा कार्यकर्ता पक्षाचे नाव लिहितो, फलक रंगवणारा नटाचे लिहितो. ग्राफिटी लिहिणारा स्वतःचे, तेही बहुधा स्वतःच घेतलेले नाव लिहितो, आणि ते पुन्हा पुन्हा, अधिकाधिक अवघड जागी आणि अधिकाधिक अवघड वळणांत लिहितो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियात ‘कॉर्नब्रेड’ हे नाव घेतलेल्या तरुणाने आणि त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये ‘टाकी १८३’ने हा प्रकार गाजवला, त्यातला १८३ हा आकडा त्याच्या राहत्या रस्त्याचा. १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच्यावर बातमी छापली आणि पुढच्या काही वर्षांत भुयारी रेल्वेचे डबे नावांनी भरून गेले.

सांगलीकडच्या एका शाळेत चित्रकला आणि अक्षरलेखन शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे अक्षर हा माझा विषय. माझी भाची मुंबईत उपयोजित कला शिकते आणि एका गटाबरोबर भिंती रंगवते. “जानेवारीत ये, मावशी. पावसात फुगलेली भिंत तेव्हा कुठे वाळलेली असते,” असे तिने कळवले आणि मी त्याप्रमाणे निघाले.

गुरुवार : दादर ते माहीम

दादरच्या फूलबाजारातून बाहेर पडून आम्ही सेनापती बापट मार्गाने माहीमच्या दिशेने चालू लागलो. तुळशी तलावाचे पाणी शहरात आणणाऱ्या जलवाहिनीमुळे जुनी माणसे या रस्त्याला अजून तुळशी पाइप रोड म्हणतात. एका बाजूला दुकाने, गॅरेजे आणि नव्याने उठलेल्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला पश्चिम रेल्वेची लांबच लांब संरक्षक भिंत, अशी या रस्त्याची रचना आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये ‘द वॉल प्रोजेक्ट’ या वांद्र्याच्या गटाने महापालिकेच्या सहकार्याने माहीम ते दादर या पट्ट्यातील भिंत लोकांना रंगवायला खुली केली. चित्रकार असण्याची अट नव्हती. शेकडो माणसे आपापले रंग घेऊन आली आणि रेल्वेच्या भिंतीचे वाटे करून रंगवत बसली.

त्या पहिल्या दिवसांतले आज फारसे उरलेले नाही. मुंबईचा पाऊस चार महिने भिंत भिजवत राहतो. विटेतला क्षार ओलाव्याबरोबर बाहेर येतो, भिंतीला लोणा लागतो आणि त्यावरचा रंग पोपड्यांनी सुटतो. उरलेल्या ठिकाणी पुढच्या मंडळींनी नवे थर चढवले आहेत. झाडे वाचवा, पाणी वाचवा, मुलगी वाचवा या विषयांची इथे इतकी गर्दी आहे की शालेय चित्रकला स्पर्धेचे परीक्षण करत असल्यासारखे वाटते, आणि स्पष्टच सांगायचे तर रेखाटन बहुतेक ठिकाणी कच्चे आहे. तरीही ही भिंत पाहण्यासारखी आहे, ती चित्रांमधल्या सांध्यांसाठी. दोन अनोळखी माणसांना शेजारशेजारचे वाटे मिळाले की मधल्या सीमेचे काय करायचे हा प्रश्न येतोच. काहींनी मधे चार बोटे पांढरी पट्टी सोडून दिली आहे. काहींनी ठसठशीत काळी चौकट ओढून आपले राज्य वेगळे केले आहे. मात्र एका ठिकाणी कोणीतरी काढलेल्या वडाची पारंबी सरळ शेजारच्या चित्रात उतरली आहे, आणि शेजाऱ्याने तिच्यावर रंग न फासता तिला झोपाळा बांधून त्यावर आपली माणसे बसवली आहेत. या दोघांची ओळख होती की नव्हती, हे भिंतीवरून कळत नाही. पण एकाने दिलेले दुसऱ्याने घेतले, एवढे नक्की कळते. मी तिथे बराच वेळ थांबले. भाचीला मात्र ही भिंत ‘ग्राफिटी’ म्हणून दाखवणे मान्य नव्हते. तिच्या मते हा रस्त्यावरच्या चित्रकलेचा प्रकार झाला. ग्राफिटी म्हणजे अक्षर, आणि ते पाहायला वांद्र्याला जायला हवे.

शुक्रवार : वांदरे

रणवार ही वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांपैकी, म्हणजे गावठाणातल्या वस्त्यांपैकी, एक. ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या इथल्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांची लाकडी जिन्यांची, कौलारू, बैठी घरे, वळणावळणाच्या अरुंद गल्ल्या आणि नाक्यावरचे क्रूस यांमुळे मुंबईच्या मधोमध हे गाव अजून ओळखू येते. चॅपल रोड आणि वरोडा रोड या तिथल्याच गल्ल्या. या भिंती सरकारी नाहीत, घरांच्या आहेत, आणि ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा आहे आणि परवानगीशिवाय सार्वजनिक भिंत रंगवणे हा गुन्हा ठरू शकतो. २०२२ मध्ये अहमदाबादला मेट्रोच्या डब्यावर अक्षरे रंगवल्याबद्दल चार इटालियन तरुणांना अटक झाली होती. इथे मात्र घरमालकाशी व्हरांड्यात उभे राहून बोलायचे, कागदावरचे रेखाटन दाखवायचे, त्याने ‘आमच्या खिडकीला रंग लागता कामा नये’ एवढे सांगायचे आणि काम सुरू व्हायचे, अशी वहिवाट पडली आहे.

चॅपल रोडला प्रसिद्धी मिळाली ती चेहऱ्यांमुळे. रणजित दहिया यांनी २०१२ मध्ये ‘बॉलीवूड आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला आणि पहिले चित्र म्हणून इथे जुन्या भित्तिपत्रकावरून अनारकली रंगवली. हरियाणातून आलेल्या आणि एकेकाळी घरांना रंग लावण्याची कामे केलेल्या या माणसाने पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिक्षण घेतले. या पार्श्वभूमीची खूण मला त्यांच्या कामात दिसते: भिंतीचा पोत, तिचे खड्डे, मधेच आलेला नळ यांच्याशी झगडा न करता ते रंगाचे मोठे सपाट भाग जुळवतात, आणि म्हणून रस्त्याच्या पलीकडून चेहरा एकदम उभा राहतो. वरोडा रोडवर २०२० मध्ये इरफान खान यांच्या निधनानंतर दहियांनी रंगवलेला त्यांचा चेहराही याच पद्धतीचा आहे. डोळ्यांखालच्या जडपणासाठी त्यांनी किती थोडे रंग वापरले आहेत हे जवळ जाऊनच पाहावे.

पर्यटक चेहऱ्यांसमोर छायाचित्रे काढतात आणि शेजारच्या अक्षरांकडे पाठ करून उभे राहतात. भाची मला त्या अक्षरांकडे घेऊन गेली. तिने आधी प्रकार सांगितले. एका दमात, हात न उचलता केलेली सही म्हणजे टॅग. दोन रंगांत, फुगीर अक्षरांत, झटपट उरकलेले नाव म्हणजे थ्रो-अप. वेळ काढून, अनेक रंगांत, सावली आणि जाडी देऊन रंगवलेले नाव म्हणजे पीस. आणि त्यातील अक्षरे एकमेकांत इतकी गुंतवली, त्यांना बाण आणि कोपरे इतके फोडले की बाहेरच्याला नाव वाचताच येऊ नये, की ती झाली वाइल्डस्टाइल. कोणी कोणावर रंगवायचे याचेही संकेत आहेत. टॅगवर थ्रो-अप चालतो, थ्रो-अपवर पीस चालतो. पण कोणाच्या पीसवर नुसता टॅग मारून जाणे हा उघड अपमान समजला जातो. आधीच्यापेक्षा सरस काहीतरी देता येत असेल तरच त्याच्या जागेवर हात घाला, असा हा हिशेब आहे. पुष्कळ साहित्यिक वादांत तो पाळला गेला असता तर बरे झाले असते.

टॅगबद्दल माझा आदर इथे वाढला. लोकांना तो सर्वांत उर्मट प्रकार वाटतो, पण अक्षरलेखनाच्या दृष्टीने तो सर्वांत कठीण आहे, कारण त्यात दुरुस्तीला वाव नाही. बोरूने लिहिताना जाड-बारीक रेषा बोरूच्या कापामुळे येते. स्प्रेच्या कॅनला काप नसतो. तिथे जाडी येते ती भिंतीपासूनच्या अंतरावर आणि हाताच्या वेगावर. कॅन जवळ आणि हात जलद असेल तर रेषा बारीक व धारदार, लांब आणि सावकाश असेल तर रुंद व धूसर, आणि जवळ असून हात रेंगाळला की रंग ओघळतो. टोकाची कॅप बदलूनही रेषा बदलते. हे सगळे खांद्यापासून हात फिरवून करायचे असते. मनगटाने लिहिणाऱ्याला भिंतीवर वळण सापडत नाही.

मग देवनागरीचा प्रश्न आला. मुंबईतील बहुतांश ग्राफिटी अजून रोमन अक्षरांत आहे, आणि त्याचे कारण नुसते अनुकरण नव्हे. रोमन अक्षरे सुटी असतात. त्यांना फिरवता, आडवे पाडता, एकमेकांवर टेकवता येते. देवनागरीत शिरोरेषा सगळ्यांना एका पातळीवर बांधून ठेवते. वरच्या बाजूला वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, आणि मधे काना, अशी तिची तीन मजल्यांची वस्ती आहे. एका जिन्याखाली भाचीने मला एक देवनागरी पीस दाखवला. जांभळ्या आणि नारिंगी फितींच्या त्या गुंत्यात मला काहीच वाचता येईना.

“मावशी, नाव नको शोधूस. आधी शिरोरेषा कुठे गेलीय ते बघ,” ती म्हणाली.

शिरोरेषा डावीकडे खिडकीच्या उंबऱ्याच्या पातळीवर सुरू होत होती, मधे तुटून खाली घसरत होती आणि पुढे बाण होऊन पुन्हा वर चढत होती. तिच्यावर नजर ठेवल्यावर खाली लोंबणारी अक्षरे एकेक करून सुटी झाली: आधी ‘र’ची गाठ, मग उलट्या बाजूने गुंडाळलेला उकार, मग ‘द्र’. रुद्र. वर वेलांटीला जागा नव्हती म्हणून उकाराचे नाव निवडले असावे, असा माझा तर्क. भाचीने तो हसून मान्य केला. मोडीचा अभ्यास करून सुलेखनकार अच्युत पालव यांनी किंवा त्यांच्या आधी र. कृ. जोशी यांनी देवनागरीला जो मोकळेपणा दिला, त्याच वाटेवरचे हे पुढचे, जरा दांडगट पाऊल आहे. लेखणीतून आलेल्या आणि कॅनमधून आलेल्या वळणांत फरक राहणारच, पण दोघांचाही प्रश्न एकच आहे: शिरोरेषा किती सोडली तरी अक्षर अक्षर राहते?

संध्याकाळी रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवरचे दादासाहेब फाळके पाहिले. २०१४ मध्ये स्टार्ट इंडिया फाउंडेशन या रस्त्यावरच्या कलेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या महोत्सवात दहिया आणि सहकाऱ्यांनी ते रंगवले. इमारतीची अख्खी बाजू व्यापणारे हे चित्र जवळून नीट कळत नाही, कारण ते वाहतुकीसाठी, दूरच्या नजरेसाठी बेतले आहे. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या आणि छापखान्यात शिळाछापाचे काम केलेल्या फाळक्यांना एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर चित्र चौकटी पाडून कसे चढवले असेल, याचे कुतूहल नक्की वाटले असते.

शनिवार : ससून डॉक, चर्चगेट, असल्फा

पहाटे ससून डॉकला पोहोचलो तेव्हा मासळीचा लिलाव रंगात आला होता. १८७५ मध्ये अल्बर्ट ससून यांनी बांधलेल्या या गोदीत २०१७ च्या अखेरीस ‘ससून डॉक आर्ट प्रोजेक्ट’ भरला आणि एरवी मासळीच्या वासाने नाक दाबणारे मुंबईकर रांगा लावून आत आले. फ्रेंच कलावंत जेआर यांच्या ‘इनसाइड आउट’ या उपक्रमाच्या पद्धतीने इथल्या कोळी स्त्री-पुरुषांची मोठी कृष्णधवल छायाचित्रे गोदीच्या भिंतींवर खळीने चिकटवली होती. कागद टिकणार नाही हे त्या पद्धतीत गृहीतच असते. आता ते चेहरे भिंतीवर नाहीत. ज्यांचे असे चेहरे असतील अशा बायका मात्र टोपल्या घेऊन समोरून वाट मागतात, आणि त्यांच्या वाटेत उभे राहून भिंत पाहणाऱ्यांना त्या जे ऐकवतात ते ऐकवण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. अजून टिकून असलेली काही रंगीत चित्रे पाहून आम्ही निघालो.

चर्चगेट स्थानकाच्या इमारतीवर ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रा यांनी त्यांच्या नेहमीच्या रंगीत चौकोन-त्रिकोणांतून गांधीजी रंगवले आहेत. कसब निर्विवाद आहे. पण याच पद्धतीने कोब्रांनी जगभरातल्या थोरांचे चेहरे रंगवले असल्याने, चर्चगेटचे असे त्यात मला काही सापडले नाही.

दुपारी मेट्रोने घाटकोपरकडे जाताना असल्फाची टेकडी दिसली. २०१८ च्या सुरुवातीला ‘चल रंग दे’ या उपक्रमात स्वयंसेवकांनी आणि रहिवाशांनी मिळून तिथल्या घरांच्या भिंती रंगवल्या. मेट्रोच्या खिडकीतून तिची छायाचित्रे इतकी पसरली की परदेशातल्या किनारी गावांशी तिची तुलना झाली. आम्ही उतरून वर चढलो. आत गेल्यावर रंगांचा एकत्रित देखावा नाहीसा होतो आणि एकेक घर वेगळे दिसू लागते. एका आजींनी आम्हाला चहा दिला. निळा रंग त्यांनी स्वतः निवडला होता, म्हणून त्यांना तो आवडत होता. शेजारच्या घराला विचारणारे कोणी भेटले नसावे; त्यांनी मिळालेल्या गुलाबीवर आपला पिवळा लावून घेतला होता. वस्तीला रंग दिल्याने गळके पत्रे आणि पाण्याची रांग संपत नाही हा आक्षेप खरा आहे. पण माझ्या लेखी त्याहून महत्त्वाचा प्रश्न रंग कोणी निवडला हा आहे, आणि त्याचे उत्तर त्या टेकडीवर घरागणिक बदलते.

रविवार : विक्रोळी

भाचीच्या चौघांच्या गटाला विक्रोळीतील एका गृहनिर्माण संस्थेची रस्त्याकडची भिंत मिळाली होती. परवानगीचे पत्र, त्यावर सचिवांची सही आणि एक अट: ‘गेटसमोर वाहने उभी करू नयेत’ ही सूचना भिंतीवर ठळक असलीच पाहिजे. चौघांनाही ही अट नकोशी झाली होती. एवढ्या सुंदर भिंतीत सरकारी छापाची सूचना कुठे घुसवायची, यावर आदल्या रात्री बरीच वादावादी झाल्याचे कळले. अखेर त्यांनी परिसरातल्या एका पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकाकांना बोलावले होते.

फ्लेक्सच्या छपाईने अशा पेंटरांचे काम जवळजवळ हिरावून घेतले. त्यांच्या अक्षरांची वळणे नाहीशी होण्याआधी जमवून ठेवावीत म्हणून हनीफ कुरेशी यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ हा प्रकल्प उभारला. स्टार्ट इंडियाच्या संस्थापकांपैकी ते एक होते आणि २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. काकांना हे काही ठाऊक नव्हते. त्यांनी पिशवीतून सूत, खडू, हात टेकवायची काठी आणि केस झडलेले दोन सपाट ब्रश काढले आणि भिंतीसमोर उभे राहून विचारले, “लेव्हल कुठली धरायची?”

या प्रश्नाने सगळे काम मार्गी लागले. चौघांची नावे देवनागरीत होती आणि कागदावरच्या आराखड्यात प्रत्येकाने आपापली शिरोरेषा आपापल्या उंचीवर घेतली होती. काकांनी एका टोकाला भाचीला आणि दुसऱ्या टोकाला मला सूत धरायला लावून खडूची एकच रेघ अख्ख्या भिंतीभर मारली. त्या रेघेकडे पाहत गट काही वेळ आपापसांत बोलला, आणि सगळी नावे त्याच एका शिरोरेषेवर टांगायची असे ठरले. मग प्रत्येकाला आपले आराखडे बदलावे लागले. नुसती चार नावे रांगेत मांडणे सोपे, सांधे कठीण. एकीच्या नावाच्या शेवटी ‘ळ’ होता आणि त्याच्या दोन वाट्या शेजारच्या ‘ध’च्या गाठीवर आदळत होत्या. तिने ‘ळ’ची दुसरी वाटी लहान केली, मोबदला म्हणून शेजाऱ्याने ‘ध’च्या पोकळीत तिचा रंग भरायचे कबूल केले. भाचीने आपला उकार लांबवून पुढच्या नावाच्या खालून नेला आणि त्याला तिथे आधार मिळाल्यासारखे झाले.

पुट्टी आणि प्रायमर आदल्या दिवशीच झाले होते. सकाळी रोलरने सगळ्यांची मिळून एकच गर्द निळी पार्श्वभूमी दिली. कॅन महाग असतात, म्हणून मोठ्या जागांना बाहेरच्या भिंतीचा साधा इमल्शन आणि त्यात स्टेनर घालून जुळवलेल्या छटा वापरतात. मग रेखाटन, भरणी, अक्षरांना जाडी, बाह्यरेषा आणि सर्वांत शेवटी पांढरे उजाळे, असा क्रम चालतो. बाह्यरेषेला इतर कोणी हात लावत नाही. ती ज्याची त्याने काढायची. भरणी मात्र कोणीही करू शकते, म्हणून संस्थेतली मुले, एक दूधवाला आणि मी असे आम्ही भरणीवर होतो. मास्क लावूनही वास घशात बसतो, हे ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी सांगून ठेवते.

दुपारनंतर काकांनी सूचना लिहायला घेतली. ती त्यांनी भिंतीच्या खालच्या कडेला न ढकलता त्याच शिरोरेषेवर, चौथ्या नावाच्या पुढे घेतली. काठीवर मनगट टेकवून, पिवळ्या रंगात, खडूचे रेखाटन न करता त्यांनी ‘गेटसमोर’ लिहिले तेव्हा गटातले सगळे आपापले कॅन खाली ठेवून मागे येऊन उभे राहिले. ‘वाहने’मधला ‘ह’ त्यांनी एका ब्रशच्या दोन वळणांत उतरवला. सचिवांना सूचना लाल हवी होती. काका म्हणाले, “साहेब, निळ्यावर लाल रात्री दिसत नाही,” आणि विषय संपला. त्या भिंतीवरची सर्वांत चांगली अक्षरे याच सूचनेची आहेत, असे मी भाचीला सांगितले. तिला ते मान्य होते, फक्त आपला उकार वगळून.

शेवटी सह्या. चौघांनी उजव्या कडेला एकाखाली एक टॅग केले आणि काकांनाही सही करायला सांगितले. काकांनी त्यांच्या दुकानाचे नाव आणि मोबाइल क्रमांक लिहिला, कारण काम त्यावरूनच मिळते. ते पाहून मुलांनी त्याखाली आपल्या इन्स्टाग्राम खात्यांची नावे लिहायचे ठरवले, आणि ती नीट यावीत म्हणून ब्रश पुन्हा काकांच्याच हातात दिला.